पुण्यात गाणं-वाजवणं शिकायला आलायत? मग सकाळ विकू नका

दर जून-जुलैत मला दहाबारा मेसेज येतात, सगळे एकाच साच्यातले. "सर नमस्कार, लातूरहून पुण्यात आलोय, पेटी वाजवतो, विशारद झालंय, चांगले गुरू सांगा आणि कार्यक्रम कसे मिळतील ते पण सांगा." दोन्ही प्रश्न एका दमात. पूर्वी राग यायचा, अरे आधी शीक तरी. आता नाही येत, कारण २००३ला मी बार्शीहून आलो तेव्हा नारायण पेठेत कॉटबेसिसवर राहायचो आणि महिन्याच्या २५ तारखेनंतर मेसचे पैसे कुठून आणायचे हाच एक राग मी आळवत असायचो, यमन वगैरे नंतर. तर हे सगळं एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं पाठवता येईल. मी पेटीवाला आहे त्यामुळे उदाहरणं पेटीची येणार, तबला आणि गाण्यावाल्यांनी आपापलं समजून घ्या.

आधी तीन महिने फक्त ऐका

आल्या आल्या गुरू धरू नका. खरंच. पुण्यात गल्लोगल्ली क्लास आहेत आणि पहिल्या आठवड्यात रूमपासून जवळ पडतो म्हणून क्लास लावणारे मी खूप बघितलेत, मग सहा महिन्यांनी जमत नाही म्हणून सोडतात आणि मग तिथं तोंड दाखवायची चोरी.

जुलैत गुरुपौर्णिमा असते. त्या आधीच्या नंतरच्या शनिवार-रविवारी पुण्यातले छोटे छोटे हॉल, शाळांची सभागृहं सगळी भरलेली असतात, जवळजवळ प्रत्येक गुरूच्या शिष्यांचा कार्यक्रम असतो आणि तिकीट बहुतेक ठिकाणी नसतं. तिथं जा आणि शेवटी गुरुजी गातात ते ऐकून भारावून जायच्या आधी त्यांच्याकडे चार-पाच वर्षं शिकलेली पोरं काय करतायत ते ऐका. गुरुजी थोर असतीलच. प्रश्न असा की त्यांच्या शिष्यांचा सूर लागतोय का, लय सुटली तर स्वतः सावरतायत का, की सगळे जण गुरुजींचीच झेरॉक्स आहेत, खोकण्यासकट. सगळी पोरं सारखीच वाजवत असतील तर जरा थांबा. एकाच गुरूची दोन पोरं वेगवेगळी वाजवतायत आणि दोघंही सुरात आहेत असं दिसलं की तो पत्ता लिहून ठेवा. आणि जमलं तर स्टेजच्या मागे जाऊन बघा, गुरुजी साथीदारांशी कसं बोलतात, तानपुऱ्यावर बसलेल्या पोरीला कुणी पाणी विचारलं का. तिथं तुम्हाला पुढची दहा वर्षं दिसतात.

डिसेंबरात सवाई. भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ला सुरू केलेला महोत्सव, पूर्वी रमणबागेत व्हायचा, आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. भारतीय बैठकीचं तिकीट काढा, खुर्चीचं नको, मांडी घालून पाच-सहा तास बसता येतं का हेही त्यात कळून जातं. घरी ऐकायचं असेल तर पेटीवाल्यांनी आप्पा जळगावकर ऐकावेत, भीमसेनजींच्या मागे. कुठं वाजवतायत यापेक्षा कुठं थांबतायत ते ऐका. माझी निम्मी साथ त्या थांबण्यातून आलीय आणि अजून जमलेली नाही.

पहिली भेट

फोन सकाळी ११ नंतर किंवा संध्याकाळी. दुपारी एक ते चार कुणालाही नाही, हे पुणं आहे, त्यावरचे विनोद तुम्ही ऐकलेच असतील, पण वय ७५च्या पुढचा माणूस दुपारी झोपतो यात विनोद काय आहे मला कळत नाही. आधी मेसेजवर क्लिप पाठवू नका. "मला विशारदला डिस्टिंक्शन आहे" हे पहिल्या वाक्यात नको. विचारलं तर सांगा.

गेल्यावर वाजवायला सांगतील. तिथं तुमचं सगळ्यात अवघड काय ते दाखवू नका, जे बारा महिने वाजवलंय तेच वाजवा. मी पहिल्या भेटीत मारव्यासारखा अवघड राग वाजवला होता, शहाणपणा. गुरुजींनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "आता भूप वाजव, आणि आधी गाऊन दाखव." मला गाताच येईना. मग पुढचे आठ महिने क्लासमध्ये पेटीला हात न लावता गाणं, आधी सरगम, मग बंदिश, मग तेच बोटात. पेटी शिकायला आलेल्याला आधी गायला लावणारा गुरू मिळाला तर सोडू नका, भले तुमचा आवाज माझ्यासारखा असला तरी.

फीचं सरळ विचारा. "गुरुजी, फी कशी असते?" एवढंच. लाजू नका आणि घासाघीसही करू नका, ती मंडईत. जमणारी नसेल तर जमणारी नाही असं सांगा, पुष्कळदा मार्ग निघतो. काही ज्येष्ठ मंडळी फी घेतच नाहीत, तिथं जास्त जबाबदारी असते हे लक्षात ठेवा. लाईट बिल भरून येणं, औषधं आणणं, दवाखान्यात नंबर लावणं हे आपणहून करायचं, पण त्याचा हिशोब डोक्यात ठेवायचा नाही, नाहीतर एक दिवस तो तोंडातून बाहेर येतो. उलट बाजूही सांगतो. घरकामाला जुंपून वर्षानुवर्षं काही शिकवत नाहीत अशाही जागा आहेत, आणि सेवा सेवा म्हणून तिथं वय घालवू नका. भीमसेनजींनी कुंदगोळला गुरूघरी पाणी भरलं ही गोष्ट प्रत्येक जण सांगतो, पण तिथं त्यांना तालीमही तेवढीच कडक मिळत होती, हा भाग सांगायचा राहून जातो. वर्षभरात नवीन काही हातात पडलं का ते स्वतःच्या वहीत बघा.

वहीवरून आठवलं. वहीची बंदिशींची चोपडी करू नका. तारीख, राग, आणि आज कशाबद्दल बोलणी खाल्ली. माझ्या २००५च्या वहीत एकच वाक्य अकरा वेळा आहे, "भाता हलतोय." म्हणजे तान घेताना पेटीत हवा भरणारा माझा डावा हात थरथरायचा आणि सूर कापायचा. अकरा वेळा लिहिल्यावर लाज वाटून सुधारलं.

रेकॉर्डिंग

हे वेगळं लिहितोय कारण यात मी स्वतः तोंड पोळून घेतलंय. क्लासचं रेकॉर्डिंग करायच्या आधी परवानगी घ्या, प्रत्येक वेळी, मागच्या वेळी हो म्हणाले होते तरी. आणि ते स्वतःच्या फोनच्या बाहेर जाऊ देऊ नका. मी २००९ला गुरुजींनी शिकवलेली एक जुनी, सहसा ऐकू न येणारी बंदिश वाजवून यूट्यूबवर टाकली, खाली त्यांचं नावही लिहिलं आदराने, मला वाटलं खूश होतील. कुणीतरी त्यांना ऐकवली. ते काही बोलले नाहीत. पुढचे चार महिने मी क्लासला गेलो की म्हणायचे, "तानपुरा घे." बाकीचे शिकतायत आणि मी मागे तानपुरा छेडतोय. चार महिने. पाचव्या महिन्यात म्हणाले, "ती चीज मला सहा वर्षांनी मिळाली होती, तू सहा आठवड्यांत वाटलीस."

गंमत म्हणजे ते चार महिने मला सगळ्यात उपयोगी पडले, कारण तानपुऱ्यावर बसलं की दुसरं काही करता येत नाही, फक्त ऐकायचं, आणि पहिल्यांदा मला जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, नीट लागलेला आणि न लागलेला षड्ज यातला फरक ऐकू यायला लागला. म्हणून आता नवीन पोरांना सांगतो की तानपुऱ्याला बसायची संधी शिक्षा व्हायची वाट न बघता मागून घ्या. गुरुजींच्या मागे मैफलीत तानपुऱ्याला बसणं म्हणजे फुकट मिळालेली सगळ्यात पुढची सीट.

परीक्षा द्यायच्या का

द्या. मैफल मिळत नाही त्याने, पण शाळेत संगीत शिक्षक व्हायचं, क्लास काढायचा, तर विशारद-अलंकार विचारतात. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तिथं रीतसर पदवी होते. आकाशवाणीची ऑडिशनही द्या, बी, बी हाय, ए, टॉप असे ग्रेड असतात, आणि १९४० ते १९७१ पेटीला रेडिओवर बंदी होती हे माहीत असलेल्या पेटीवाल्याला तिथं बसून वाजवताना वेगळीच मजा येते. वय १८ ते २५ असेल आणि पाचेक वर्षं गुरूकडे शिकला असाल तर केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती बघा, महिना ५००० रुपये, दोन वर्षं. मेसचा खर्च निघतो. फॉर्म भरायचा कंटाळा करू नका, मी केला होता.

आता पैसे

पहिल्यांदा डोक्यातून एक भूत काढा, की जुने लोक निव्वळ कलेसाठी जगले आणि बाजार आत्ताच आलाय. भास्करबुवा बखल्यांनी तीन-तीन घराण्यांच्या उस्तादांकडे तालीम घेतली, १९११ला पुण्यात गायन समाज काढला आणि त्याच माणसाने नाटक कंपनीसाठी पदांना चालीही बांधल्या. नाटक म्हणजे तेव्हाचा तिकिटाचा धंदा, पब्लिकने वन्स मोअर दिला नाही तर कंपनी बसली. थिरकवाँ खाँसाहेबांसारखा तबलिया बालगंधर्वांच्या कंपनीत वर्षानुवर्षं पदांना ठेका धरत होता, आणि त्यांच्या स्वतंत्र तबल्याचं त्यात काही बिघडलं असं कुणी म्हणेल का? मास्टर कृष्णराव हे भास्करबुवांचेच शिष्य, ते प्रभात फिल्म कंपनीच्या सिनेमांना संगीत द्यायला गेले. वसंतराव देशपांडे कित्येक वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरीला होते. प्रभाताई अत्रे विज्ञान आणि कायदा दोन्ही शिकल्या, आकाशवाणीत नोकरी केली, कॉलेजात शिकवलं. अभिषेकीबुवांनी नाटकांच्या चाली केल्या आणि ख्यालही तितक्याच ताकदीने गायले. भीमसेनजींच्या अभंगवाणीला जी गर्दी व्हायची ती रात्रीच्या दरबारी रागाला रोज झाली असती का, मला शंका आहे.

नीट बघितलं तर यात तीन वाटा दिसतात. एक, नोकरी पूर्ण वेगळी आणि गाणं पूर्ण वेगळं, वसंतरावांसारखं. दोन, त्याच कलेतलं लोकांना आवडणारं रूप, अभंग, नाट्यगीत. तीन, कलेच्या आसपासचं काम, रेडिओ, शिकवणं. तुम्ही कुठल्या वाटेने जाणार हे पहिल्या वर्षी ठरवायची गरज नाही पण दर वर्षी एकदा स्वतःला विचारायची गरज आहे, नाहीतर वाट आपोआप ठरते, आणि आपोआप ठरते ती बहुतेक वेळा ज्याचा फोन आधी आला त्याची असते.

पुण्यात पेटी-तबल्याला काम कुठं आहे? खूप आहे, घाबरू नका. कथकचे क्लास हे मी एक नंबरला ठेवतो. रोहिणीताई भाट्यांनी १९४७ला नृत्यभारती काढली तेव्हापासून हे शहर कथकचं आहे, आणि प्रत्येक क्लासला, प्रत्येक परीक्षेला लेहरा लागतो, म्हणजे तालाच्या आवर्तनात बसवलेली, पुन्हा पुन्हा वाजवायची एक धून. तोच तीनतालाचा लेहरा एक-एक तास, एका लयीत, हलायचं नाही. कंटाळा येतो, बोटं दुखतात, पण लय अशी पक्की होते की नंतर कुठलाही तबलजी तुम्हाला हलवू शकत नाही. पैसे कमी, पण दर महिन्याला. पहिली दोन वर्षं मी त्यावर जगलो.

दिवाळी पहाट हा आपला खास सीझन, पहाटे साडेपाचला सनई-चौघडा लावून, उटण्याच्या वासात भावगीतं. चार दिवसांत दोन-दोन महिन्यांचं भाडं निघतं. गणपतीत मंडळांचे कार्यक्रम. त्यात एक गोष्ट, बाहेर ढोल-ताशा चालू असताना मांडवात भैरवी वाजवायची वेळ येतेच, तेव्हा मॉनिटर, म्हणजे आपलं आपल्याला ऐकू येणारा स्पीकर, स्वतःकडे वळवून घ्यायला साऊंडवाल्याला आधीच सांगा, नंतर तो सापडत नाही. जुन्या गाण्यांचे ऑर्केस्ट्रा, लग्नातलं संगीत, स्टुडिओतली डबिंगची कामं, सगळं आहे. स्टुडिओत जरूर जा. हेडफोन घालून ठोके देणाऱ्या क्लिक ट्रॅकवर वाजवताना आपण किती बेसूर आणि बेलय आहोत ते पहिल्या टेकला कळतं. मला वाटायचं माझी लय चांगली आहे. मी घाई करतो हे मला गुरुजी चार वर्षं सांगत होते आणि मी मनातल्या मनात म्हणायचो की त्यांचंच वय झालंय. रेकॉर्डिस्टने स्क्रीनवर दाखवलं.

सकाळ

आता जे सांगण्यासाठी हा लेख लिहिला ते. व्यावसायिक काम केल्याने कला बिघडते असं मला वाटत नाही. बिघडते ती रियाजाची वेळ विकल्याने, आणि ती वेळ कुणी हिसकावून घेत नाही, आपण स्वतः चांगल्या भावात विकतो.

माझं असं झालं. लॉकडाऊनमध्ये सगळे कार्यक्रम बंद, बालगंधर्व रंगमंदिराला कुलूप, आणि ओळखीतून अमेरिकेतले विद्यार्थी मिळाले. तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसहा. पोरं शाळेतून येऊन, खाऊन पेटीला बसणार, मी इकडे चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर. साडेसहा, सव्वासात, आठ, पावणेनऊ, चार बॅच. पैसे इतके चांगले की कार्यक्रम सुरू झाल्यावरही सोडवेना, ईएमआय लागले होते. रियाज रात्री करीन म्हटलं. रात्री शेजारी भिंतीवर टकटक करतात. मग दुपारी करीन. दुपारी कथकचे क्लास. असं करत करत दोन वर्षं मी रोज आठ तास पेटीवर बसत होतो आणि एक मिनिटही रियाज करत नव्हतो. हे कळायला सोपं नसतं बरं का, कारण हात दिवसभर पेटीवरच असतो.

गुरुजींना कळलं. मी काही सांगितलं नव्हतं. एका गुरुवारी ललत वाजवत होतो, ते मध्येच म्हणाले, "शिकवण्या वाढल्यात वाटतं." मी विचारलं कसं ओळखलंत. म्हणाले, "प्रत्येक जागा समजावून सांगितल्यासारखी वाजवतोयस."

मग मी दोन बॅच सोडल्या. पैसे कमी झाले, घरी बोलणी झाली, ते लपवत नाही. आता साडेपाच ते साडेसात माझे. फोन दुसऱ्या खोलीत. अमेरिकावाल्यांची पहिली बॅच पावणेआठला, ज्यांना चालतं ते आहेत, नाही चालत ते गेले. तुमची सकाळच असली पाहिजे असं नाही, कुणाची रात्र असेल, रूममेट कामावर गेल्यावरची दुपार असेल. पण दिवसातले दोन तास ठरवा आणि कितीही भाव आला तरी ते विकू नका. बाकीचे बावीस खुशाल बाजारात मांडा.

गुरुजींना सांगायचं का

हो, आणि कार्यक्रमाच्या आधी. व्हॉट्सॲप स्टेटसवरून त्यांना कळलं तर मेलात. "गुरुजी, अमुक दिवशी जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम आहे, मानधन बरं आहे, वाजवू का?" असं विचारा. बहुतेक वेळा हो म्हणतात, त्यांनीही तरुणपणी केलेलं असतं, खोदून विचारलं तर भन्नाट किस्से निघतात. माझे गुरुजी एवढंच म्हणायचे की तिथल्या हरकती, म्हणजे सुरांची ती छोटी छोटी नक्षी, इथं आणू नकोस. पहिली तीन-चार वर्षं स्टेजवर जाऊच नको म्हणणारे गुरू असतील तर त्यांचं कारण ऐकून घ्या, कारण असतं. पण मग तुमच्या मेसचं काय हेही मोकळेपणाने बोला, ज्यांना ते ऐकूनच घ्यायचं नाही त्यांच्याकडे शिकायला घरची जमीन लागते.

दुसऱ्या गुरूकडे जायचं असेल तर पहिल्यांना सांगून जा. लपूनछपून दोन दगडांवर पाय ठेवू नका, पुण्यातलं संगीताचं जग म्हणजे एक मोठा वाडा आहे, एका खोलीत शिंकलं की चौकात कळतं.

व्यवहार

पटापट सांगतो, यात कुठला राग नाही.

मानधन आधी बोला. "आपलाच कार्यक्रम आहे" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. तारीख, वेळ, रिहर्सल किती, येण्याजाण्याचा खर्च, पेटी कोण आणणार, जेवण, लाइव्ह दाखवणार का, रेकॉर्डिंगचं काय करणार, हे सगळं व्हॉट्सॲपवर एका मेसेजमध्ये लिहा आणि समोरून "ओके" येऊ द्या. निम्मे ॲडव्हान्स. मला एका आयोजकाने शाल, नारळ आणि "पाकीट उद्या पाठवतो" दिलं होतं, त्या उद्याला आता तेरा वर्षं झाली. शाल चांगली आहे, थंडीत वापरतो.

फुकट वाजवायचं तर कुणासाठी ते आधी ठरवून ठेवा. गुरुजींच्या घरचं, देवळातलं, मित्राच्या पहिल्या कार्यक्रमाचं, बस. एक्स्पोजर मिळेल म्हणणाऱ्याला त्याने डेकोरेशनवाल्याला काय दिलं ते विचारा, हसत हसत.

टॅक्स. संस्था टीडीएस कापते, साधारण १० टक्के, तो तुमच्या पॅनवर दिसतो आणि रिटर्न भरलं तर बसत असेल तेवढा परत मिळतो. कित्येक कलाकार रिटर्नच भरत नाहीत आणि मग कापले कापले म्हणून रडतात. शास्त्रीय किंवा लोकसंगीताच्या कार्यक्रमाला एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर जीएसटी लागत नाही, आणि एरवीही सेवांची वर्षाची २० लाखांची मर्यादा आहे, म्हणजे आपल्यासारख्यांनी त्यावरून झोप उडवायचं कारण नाही. भावगीत, सिनेमाची गाणी त्या शास्त्रीयच्या सवलतीत येत नाहीत, एवढं लक्षात ठेवा आणि बाकी सीएला विचारा.

स्वतःच्या चाली करत असाल तर आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे, सभासद व्हा. कॉपीराइट कायद्यात २०१२ला झालेल्या बदलानंतर संगीतकार आणि गीतकाराचा रॉयल्टीचा हक्क कुणी लिहून घेतला तरी तसा करार टिकत नाही. सह्या करायच्या आधी वाचा, रात्री अकराला स्टुडिओत दमून सही करू नका. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तासांचं बघणं लागतं, पेटीच्या चॅनलला ते व्हायला किती वेळ लागतो ते माझ्याकडून ऐका, लागतो. रील करा, पण रीलसाठी काही नवीन शिकू नका, जे शिकलंय त्यातलं तीस सेकंद दाखवा.

वर्षाचं गणित

शेवटचं. महिने वाटून घ्या. जून-जुलै ऐकणं, गुरुपौर्णिमा, क्लास. गणपती ते दिवाळी कमाई, या काळात नवीन राग घ्यायला जाऊ नका, गुरुजींनाही माहीत असतं, ते जुनंच घोटून घेतात. डिसेंबर-जानेवारी सवाई आणि वसंतरावांच्या नावाचा वसंतोत्सव, तेव्हा पाच-सहा दिवस कामं नाकारून ऐकायला जायचंच, नाकारलेल्या कामाचे पैसे फी समजा. फेब्रुवारी-मार्च लग्नं आणि सीए.

एप्रिल-मे कार्यक्रम कमी. तेव्हा नवीन शिकायचं, आणि पेटी ट्यूनिंगला टाकायची. बुधवार पेठेत वाद्यांच्या दुकानांत किंवा चांगल्या कारागिराकडे स्वतः घेऊन जा, रिक्षात पेटी मांडीवर घ्या, मागे ठेवू नका. तानपुरा घ्यायचा असेल तर मिरजेला जाऊन घ्या, २०२४ला तिथल्या सतार-तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, आणि सोबत ऐकणारं कुणीतरी जाणतं माणूस न्या. पेटीचा कारागीर म्हणेल पंधरा दिवसांत देतो. महिना धरा, आणि तेवढ्यात गाऊन घ्या.